रात्रपाळी, तुटकी झोप आणि रेसिडेंटचा तिरसटपणा

घटपळे

पहाटेचे चार. वॉर्डातून फोन: "डॉक्टर, बारा नंबरचं सलाइन आउट झालंय." रात्री दहाला हाच फोन आला असता तर "येतो" एवढंच उत्तर गेलं असतं. चार वाजता तोच माणूस म्हणतो, "आत्ता दिसलं का तुम्हाला?" सुई तीच, पेशंट तोच, सिस्टरही तीच. मधल्या सहा तासांत जागरण तेवढं वाढलं.

शिकाऊ डॉक्टरांच्या (इंटर्न आणि रेसिडेंट) झोपेचा विषय निघाला की गाडी थेट चुकांवर जाते: चुकीची मात्रा, चुकलेलं निदान. ते महत्त्वाचं आहेच. पण हात आणि डोकं चुकायला लागण्याच्या बरंच आधी मूड घसरलेला असतो, आणि तो मोजायची पद्धत कुठल्याच वॉर्डात नाही. १९७१ साली १४ इंटर्नांवर झालेला एक अभ्यास या विषयात कायम सांगितला जातो. एकदा सरासरी ७ तास झोपून आल्यावर आणि एकदा जेमतेम १.८ तास झोप मिळाल्यावर त्यांना ईसीजीची लांबलचक पट्टी वाचायला दिली. दमलेल्या अवस्थेत ठोक्यांमधली गडबड ओळखण्यातल्या चुका जवळपास दुप्पट झाल्या. याच अभ्यासात मूडचीही चाचणी होती: उदासी वाढली, उत्साह घटला. लोकांच्या लक्षात मात्र ईसीजीची पट्टी तेवढी राहिली.

पुढे १९९६ मध्ये अशा १९ अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहिले गेले. झोप कमी पडल्याचा सर्वांत मोठा फटका मूडला, त्याखालोखाल विचारशक्तीला, आणि हातापायांच्या कामाला त्याहून कमी. म्हणजे टाके नीट पडतायत म्हणून डॉक्टर ठीक आहे असं समजणं म्हणजे सर्वांत उशिरा हलणारा काटा बघत बसणं.

इथे निद्राविकार, मानसोपचार आणि ड्युटी चार्ट या तिन्हींतली जाणकार मंडळी आहेत. चार्टमध्ये नेमकं काय बदललं की मूड सावरतो? आणि झोपेची चिडचिड कुठे संपते, आजार कुठे सुरू होतो? कृपया "योगा करा" हा सल्ला नको.

---

अर्धोन्मीलित

धागा योग्य वेळी काढलात. आधी यंत्रणा सांगतो, नाहीतर उपाय हवेत राहतात.

झोपेचा दाब आणि शरीराचं घड्याळ अशा दोन गोष्टी एकत्र काम करतात. जागं असताना मेंदूत अॅडेनोसिन साठत जातं आणि दाब वाढतो. घड्याळ आपल्या चालीने फिरतं आणि साधारण पहाटे ३ ते ५ मध्ये तळाला असतं. सकाळी सातला उठून ड्युटीवर आलेल्या माणसाचे पहाटे चारला २१ तास भरतात. दाब टोकाला आणि घड्याळ तळाला, दोन्ही एकाच वेळी. सलाइनचा फोन नेमका तिथे येतो.

आता भावनांकडे. २००७ मध्ये सुमारे ३५ तास जागं ठेवलेल्या निरोगी तरुणांना एमआरआय मशीनमध्ये त्रासदायक चित्रं दाखवली. झोपलेल्यांच्या तुलनेत त्यांच्या अमिग्डालाची (भीती-रागासारख्या भावनांना प्रतिसाद देणारा मेंदूचा भाग) प्रतिक्रिया ६० टक्क्यांनी जास्त होती, आणि अमिग्डालाला आवर घालणाऱ्या कपाळामागच्या भागाशी असलेला तिचा संपर्क सैल झालेला होता. भोंगा मोठा आणि ब्रेक ढिला.

दुसरी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. स्वप्नांची झोप, म्हणजे आरईएम, रात्रीच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात दाटलेली असते, आणि दिवसभराच्या भावनिक घटनांची धार बोथट करण्यात तिचा वाटा मोठा मानला जातो. एकला झोपून साडेपाचला राउंडच्या तयारीसाठी उठणाऱ्याची झोप एक तृतीयांशाने कापली जाते, पण आरईम त्याहून बरीच जास्त कापली जाते. कालचा अपमान आज तेवढाच ताजा वाटतो तो यामुळेही.

---

तळटीप

वरच्या प्रतिसादात 'आरईम' झालंय, 'आरईएम' हवं.

मूळ मुद्द्यात एक भर. चिडचिड वाढते हे अर्धंच चित्र आहे. २००५ मध्ये ७८ रेसिडेंटांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कामाच्या मध्येच त्यांना गाठून आत्ता काय घडलं आणि कसं वाटतंय हे नोंदवलं होतं. झोप कमी असताना कामात अडथळा आला की नकारात्मक भावना जास्त तीव्र व्हायची, हे अपेक्षितच. पण काम मनासारखं झालं तेव्हाचा आनंदही कमी व्हायचा. अवघड इंट्युबेशन (श्वासनलिकेत नळी घालणं) पहिल्या प्रयत्नात जमलं, आणि आत काही हललंच नाही.

माझ्या मते चिडचिडीपेक्षा हा कोरडेपणा घातक आहे. चिडलेला माणूस चारचौघांना दिसतो आणि कोणीतरी म्हणतं, "जा, थोडा पड." कोरडा पडलेला निमूट काम करत राहतो आणि त्याला 'मॅच्युअर झाला' म्हणतात.

---

खारुताई

दोन शंका. जुन्या पिढीचे डॉक्टर ३६-३६ तासांच्या ड्युट्या करून शिकले, हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. शरीराला सवय होत नाही का? आणि मूड हा ज्याचा त्याने सांगायचा असतो. रेसिडेंट "मी बरा आहे" म्हणत असेल तर आपण कोण नाही म्हणणार?

---

अर्धोन्मीलित

@खारुताई, दोन्ही शंकांचं उत्तर एकाच ठिकाणी आहे. सवय होते ती जाणिवेला, क्षमतेला नाही.

२००३ चा प्रयोग बघा. लोकांना १४ दिवस रोज ४, ६ किंवा ८ तास झोपू दिलं. सहा तासवाल्यांची लक्ष देण्याची क्षमता दिवसेंदिवस उतरत गेली आणि दोन आठवड्यांनी एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांच्या पातळीवर आली. झोप येतेय का, याचं त्यांनी स्वतः दिलेलं उत्तर मात्र पहिल्या काही दिवसांत थोडं बिघडलं आणि मग तिथेच राहिलं. काटा अडकलाय, गाडी उताराला लागलीय.

डॉक्टरांवरचं उदाहरण २००२ चं. भूलशास्त्राच्या रेसिडेंटांना दिवसा अंधाऱ्या खोलीत पडायला सांगून किती मिनिटांत झोप लागते ते मोजलं. रात्रभर ड्युटी केल्यानंतरचा आकडा वाईट असणार, यात नवल नाही. पण ड्युटी नसलेल्या 'नेहमीच्या' दिवसांनंतरचा आकडाही जवळपास तसाच निघाला. सलग चार दिवस उशिरा येऊ देऊन झोप भरून काढली तेव्हा कुठे तो सामान्य झाला. म्हणजे ज्याला ते आपली नॉर्मल अवस्था समजत होते तीच थकलेली होती. आणि मेंदूच्या आलेखावर झोप लागल्याचं स्पष्ट दिसत असतानाही जवळपास निम्म्या वेळा "मी जागाच होतो" हे उत्तर मिळालं.

"मी बरा आहे" याची किंमत यावरून ठरवा.

---

हेमंतरंग

मानसोपचाराच्या बाजूने लिहिते. घटपळे, तुमचा दुसरा प्रश्न सोपा वाटतो, पण तिथेच जास्त गोंधळ होतो.

आकडे आधी. २०१५ मध्ये ५४ अभ्यास आणि साडेसतरा हजार शिकाऊ डॉक्टरांची माहिती एकत्र केली गेली. नैराश्य किंवा त्याची लक्षणं २८.८ टक्क्यांत आढळली. त्याआधी २०१० मध्ये अमेरिकेतल्या ७४० इंटर्नांचा वर्षभर पाठपुरावा झाला होता. इंटर्नशिपच्या आधी नैराश्याची लक्षणं मोजणाऱ्या पीएचक्यू-९ प्रश्नावलीवर १० किंवा जास्त गुण असणारे ३.९ टक्के होते, वर्षभरात सरासरी २५.७ टक्के. तीच माणसं, काही महिन्यांच्या अंतराने.

आता या प्रश्नावलीतली खोच. नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण. तिसरा प्रश्न झोपेचा, चौथा थकव्याचा, पाचवा भुकेचा, सातवा एकाग्रतेचा. महिनाभर एक दिवसाआड रात्रपाळी करणाऱ्याला झोप ३, थकवा ३, एकाग्रता ३ आणि अवेळी खाण्यामुळे भूक १ असे १० गुण सहज पडतात, आणि त्याला एकदाही उदास वाटलेलं नसतं. उलट चूकही होते: खरोखर नैराश्यात गेलेल्याला "ड्युटीमुळे आहे, रोटेशन संपलं की ठीक होशील" म्हणून परत पाठवतात.

म्हणून बेरीज बघून थांबू नये. पहिले दोन प्रश्न (कशातच रस न वाटणं, उदास वाटणं) आणि सहावा (आपण कुचकामी आहोत, सगळ्यांना निराश केलं असं वाटणं) वेगळे वाचायचे. निव्वळ झोपेअभावी माणूस दमतो, चिडतो, कंटाळतो. स्वतःबद्दल घृणा वाटणं हे सहसा झोपेचं काम नाही. नववा प्रश्न जगणं नकोसं वाटण्याचा किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा आहे. तिथे शून्याहून जास्त काहीही आलं तर सुट्टीची वाट बघायची नाही. त्याच दिवशी, दुसऱ्या माणसाच्या सोबतीने, मानसोपचारतज्ज्ञाकडे. झोपेशी त्याचा संबंध काय ते नंतर बघू.

बाकीच्यांसाठी एक ढोबळ कसोटी चालते. सलग तीन रात्री अलार्म न लावता झोपू द्या. पहिल्या रात्री दहा-बारा तास झोप लागेल, ते ठीकच. चौथ्या दिवशी चिडचिड गेली आणि आवडीची गोष्ट पुन्हा आवडायला लागली, तर बहुधा कर्ज झोपेचं होतं. झोप पूर्ण होऊनही सकाळी मन जड असेल, किंवा मोकळी रात्र मिळूनही पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा झोप लागत नसेल, आणि हे दोन आठवडे चाललं असेल, तर ते झोपेवर ढकलू नका.

एक गोष्ट फार महत्त्वाची. ज्यांना बायपोलर आजार आहे, किंवा जवळच्या नात्यात आहे, त्यांना जागरण उन्मादाच्या झटक्यात ढकलू शकतं. पोस्ट-ड्युटी सकाळी येणारा खुळा उत्साह, फालतू विनोदावर हसत सुटणं हे बहुतेकांचं दुपारच्या झोपेनंतर उतरतं. झोपायची गरजच वाटत नाही, डोक्यात योजना धावतायत, बोलणं थांबत नाही, हे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही चालू असेल तर त्याला 'एनर्जी' म्हणू नका.

---

खारुताई

सहाव्या प्रश्नाचं हे माहीत नव्हतं. धन्यवाद, हेमंतरंग.

---

रोस्टरवाला

ड्युटी चार्ट बनवणाऱ्याच्या बाजूने. तासांची मर्यादा घातली की प्रश्न सुटला, असं मानणाऱ्यांशी मी असहमत आहे. मर्यादेला विरोध नाही, तिच्यावरच्या भाबड्या विश्वासाला आहे.

थोडा इतिहास. १९८४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लिबी झायन या १८ वर्षांच्या मुलीचा रुग्णालयात मृत्यू झाला आणि रेसिडेंटांचे तास, त्यांच्यावरची देखरेख यांवर सार्वजनिक वाद पेटला. २००३ मध्ये अमेरिकेत आठवड्याला ८० तासांची मर्यादा देशभर आली. २०११ मध्ये पहिल्या वर्षासाठी सलग १६ तासांची अट आली, २०१७ मध्ये ती काढून पुन्हा सलग २४ तास आणि हँडओव्हरसाठी (पेशंट पुढच्या डॉक्टरकडे सोपवण्यासाठी) वर ४ तास अशी मुभा दिली. युरोपात ४८ तासांचा आठवडा आहे. १६ तासांची अट असलेले आणि नसलेले प्रशिक्षण कार्यक्रम मोठ्या प्रमाणावर ताडून पाहिले तेव्हा रुग्णांच्या मृत्यूत फरक दिसला नाही.

असं का? तास कापले, काम कापलं नाही. तीस तासांचं काम सोळात कोंबलं. हँडओव्हर वाढले, आणि अर्धवट हँडओव्हर घेतलेल्याला रात्रभर धाकधूक. घरी गेलेला फोनवर "त्या सात नंबरचं पोटॅशियम आलं का?" विचारत बसतो. चार्टवर तो झोपलेला असतो.

मूडसाठी मी तासांइतकंच नियमितपणाला महत्त्व देतो. २०२१ मध्ये दोन हजारांहून जास्त इंटर्नांची वर्षभराची झोप मनगटी यंत्राने मोजली गेली. झोपेच्या वेळा रोज बदलत राहणं याचा मूड खालावण्याशी आणि नैराश्याच्या लक्षणांशी संबंध दिसला, आणि तो कमी झोपेच्या संबंधाइतकाच ठळक होता. दर तिसऱ्या दिवशी २४ तास हा चार्ट मोजायला सोपा, पण झोपेच्या वेळा त्याच जास्त विस्कटतो.

चार्ट करताना मी धरतो ते असं. पाळ्या पुढे सरकाव्यात: सकाळ, मग दुपार, मग रात्र. शरीराचं घड्याळ मागे ओढण्यापेक्षा पुढे ढकलणं सोपं, आणि तेही दिवसाला जेमतेम एखादा तास. दोन ड्युट्यांमध्ये किमान ११ तास, कारण आठ तासांच्या मोकळिकीत प्रवास, आंघोळ आणि जेवण वजा जाता पाच तासांची झोप उरते. सलग रात्री चारपेक्षा जास्त नकोत, आणि शेवटच्या रात्रीनंतर पूर्ण दोन रात्री मोकळ्या. सकाळी आठला सुटून दुसऱ्या दिवशी आठला हजर, याला 'ऑफ' म्हणणं ही थट्टा आहे.

---

अर्धोन्मीलित

@रोस्टरवाला, नियमितपणाबद्दल सहमत. पण सलग २४ तासांचा बचाव होऊ नये म्हणून एक नोंद. २००४ मध्ये आयसीयूतल्या इंटर्नांचा पारंपरिक लांब ड्युटीचा चार्ट आणि १६ तासांवर थांबणारा चार्ट यांची तुलना झाली. पारंपरिक चार्टमध्ये गंभीर चुका ३६ टक्के जास्त, आणि रात्रीच्या कामात डुलकीसारख्या लक्ष सुटण्याच्या घटना दुपटीहून जास्त. मृत्यू वाढले नाहीत कारण चूक रुग्णापर्यंत पोचण्याआधी अडवणारे इतर लोक असतात. ते अडवणारेही जागेच असतात, त्यांचाही मूड असतो.

---

रोस्टरवाला

मान्य. ३६ टक्क्यांचा आकडा मी जाणूनबुजून टाळला नव्हता. :)

---

टाचण

ड्युटीवरच्या डुलकीबद्दल लिहितो, कारण तिथे चुकीचे सल्ले फार फिरतात.

रात्रपाळी सुरू होण्याआधी दुपारी दीड तास झोप. दीड तास अशासाठी की झोपेचं एक आवर्तन साधारण तेवढ्यात पुरं होतं. संध्याकाळी सात-आठला प्रयत्न करू नका. नेहमीच्या झोपेच्या आधीचे दोन-तीन तास शरीर उलट सर्वांत जागं असतं, नुसतं कुशी बदलणं होतं.

मध्यरात्रीनंतर जमली तर १५-२० मिनिटांची डुलकी. कॉफी घ्यायची असेल तर आडवं होण्याच्या लगेच आधी. कॅफिन चढायला २०-३० मिनिटं लागतात, उठायच्या वेळी ते हजर असतं. अर्ध्या तासाहून लांब झोप घ्याल तर गाढ झोपेतून उठावं लागतं आणि डोकं जड होतं. हा जडपणा १५ ते ३० मिनिटं राहतो, पहाटे जास्त. त्या अवस्थेत फोनवर तोंडी ऑर्डर देणं धोक्याचं. उठून बसा, दिवा लावा, तोंडावर पाणी मारा. औषध, मात्रा आणि कुठल्या मार्गाने द्यायचं ते सिस्टरकडून परत वाचून घ्या. इन्सुलिन, पोटॅशियम, हेपरिन यांच्या ऑर्डर पलंगावरून देऊच नयेत.

कॅफिनचं निम्मं प्रमाण उतरायला साधारण पाच तास. पहाटे चारला २०० मिलिग्रॅम घेतलं तर सकाळी नऊला, म्हणजे घरी पोचून पडायच्या वेळी, १०० मिलिग्रॅम अजून अंगात. झोप लागते, पण उथळ. संध्याकाळी उठल्यावरचा वैताग बऱ्याचदा या कॉफीचा असतो. मोठा मग एकदा घेण्यापेक्षा पाळीच्या पहिल्या अर्ध्यात थोडी थोडी, आणि झोपायच्या सहा तास आधी बंद.

पोस्ट-ड्युटी दिवशी दोन प्रकार. रात्र एकटीच असेल तर घरी दीड ते तीन तास झोपून उठायचं आणि रात्री लवकर झोपायचं. दिवसभर झोपलात तर पुढची रात्रही जाते. रात्री सलग असतील तर मात्र सकाळची झोप हीच मुख्य. खोली काळोखी करून जमेल तेवढी, आणि निघण्याआधी पुन्हा छोटी डुलकी.

दारूने झोप लवकर लागते आणि उत्तररात्री तुटते. आरईएम आधीच कमी पडलेल्याला हा सर्वांत महागडा उपाय. झोपेच्या गोळ्या स्वतःच स्वतःला लिहून देणं डॉक्टरांमध्ये सोपं, म्हणून जास्त जपायला हवं.

---

खारुताई

पण टाचण, डुलकी घ्यायला फोन थांबला पाहिजे ना? तो तर वाजतच राहतो.

---

टाचण

बरोबर, आणि न वाजताही त्रास देतो. १९८८ मध्ये जहाजांवरच्या इंजिनिअरांचा अभ्यास झाला. ऑन-कॉल रात्री त्यांची झोप उथळ आणि गाढ झोप कमी असायची, आणि बिघाड भोंगा वाजण्याआधीच्या झोपेतही दिसायचा. वाजेल या धास्तीनेच कान उघडे. शांत गेलेल्या ड्युटीनंतरही रेसिडेंट आंबट चेहऱ्याने का उठतो, त्याचं हे उत्तर.

म्हणून फोन उशाशी ठेवून 'आराम' देणं कामाचं नाही. तो दुसऱ्याच्या हातात गेला पाहिजे. २०१२ मध्ये हे करून पाहिलं: रात्री साडेबारा ते साडेपाच इंटर्नचा फोन दुसऱ्याकडे. झोप सुमारे २ तासांवरून ३ तासांवर गेली आणि सकाळचा तरतरीतपणा वाढला. पाच तास मोकळे देऊन झोप तीनच तास, हेही लक्षात ठेवा. आधीची कामं आवरण्यात आणि पडल्यावर मन शांत होण्यात बाकीचा वेळ जातो.

---

परिचारिका_मंडळ

सिस्टरांच्या बाजूचं कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. त्या फोनची दुसरी बाजूही जागीच असते.

आमच्याकडून होण्यासारखं एक काम: रात्री थांबू शकणाऱ्या गोष्टींची एक वही. डिस्चार्जचे कागद, सकाळच्या तपासण्यांची यादी, रुटीन औषधाची पुढची ऑर्डर, पेशंटने मागितलेली साधी अॅसिडिटीची गोळी. रात्री अकराला रेसिडेंटने स्वतः येऊन वही बघायची आणि सलाइन, वेदनाशामक, ताप आल्यास काय, याच्या ऑर्डर आधीच लिहायच्या. पुन्हा पाचला. मधल्या वेळात फोन फक्त ठरलेल्या कारणांसाठी: श्वास, बीपी, नाडी, शुद्ध, लघवीचं प्रमाण, रक्तस्राव, छातीत दुखणं, आणि "मला हा पेशंट बरा वाटत नाही". हे शेवटचं कारण यादीत हवंच आणि त्यावर उलटप्रश्न नको.

हे बिघडतं कुठे ते सांगते. एकदा कोणी फोनवर खेकसलं की नवीन सिस्टर पुढच्या वेळी खरी गरज असतानाही फोन करायला कचरते. म्हणजे रेसिडेंटच्या मूडचं बिल पेशंटच्या नावावर फाटतं.

---

तळटीप

वरचा प्रतिसाद ठळक अक्षरात डकवायला हवा.

याला जोडून: झोप नसताना समोरच्याचा चेहरा वाचणंही बिघडतं. २०१० च्या एका प्रयोगात जागरण झालेल्यांना तीव्र राग किंवा उघड आनंद ओळखता आला, पण मध्यम छटा निसटल्या. नातेवाइकाच्या चेहऱ्यावरचा राग सुरू होतानाच कळला तर दोन वाक्यांत तो शांत होतो. तो कळतो तेव्हा आवाज चढलेला असतो.

---

घटपळे

खूप मिळालं. शेवटचा एक व्यावहारिक प्रश्न राहिला: पोस्ट-ड्युटी गाडी चालवण्याबद्दल काय? "गाणी मोठ्याने लावतो, काच उघडी ठेवतो" हे उत्तर नेहमी येतं.

---

अर्धोन्मीलित

दोन्ही उपाय काही मिनिटं टिकतात. सलग १७ तास जागं राहिल्यावर कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी होते आणि २४ तासांना सुमारे ०.१०, हे १९९७ पासून माहीत आहे. २००५ मध्ये इंटर्नांच्या पाहणीत २४ तासांहून लांब ड्युटीनंतर अपघाताची शक्यता २.३ पट निघाली.

निघण्याआधी हॉस्पिटलातच वीस-तीस मिनिटं झोपा, मग पंधरा मिनिटं बसून डोकं हलकं होऊ द्या. सकाळचं ऊन टाळायला काळा चष्मा लावायचा सल्ला रात्रपाळीवाल्यांना मिळतो, तो फक्त दुसरा कोणी चालवत असताना. आणि शेवटचे दोन चौक कसे ओलांडले ते आठवत नसेल तर गाडी बाजूला लावून किल्ली काढा, तिथूनच फोन करा.

---

रोस्टरवाला

पोस्ट-ड्युटी घरी जायच्या टॅक्सीचं भाडं विभागाने द्यावं, अशी ओळ मी पुढच्या चार्टच्या तळाशी घालतोय. मंजूर झाली की नाही, इथेच कळवतो.